करकचमामांची गाठ

करकचमामांनी मला आधी मारलं, ओळख नंतर झाली.

दिंडोरी नाक्यावर पिकअपचा अड्डा होता. मी माझी गाडी घेऊन तिथे उभा राहायला लागलो, त्याचा तिसरा की चौथा दिवस असेल. बँकेतल्या एका साहेबांची बदली झाली होती आणि त्यांची मोटारसायकल मनमाडला पोचवायची होती. मी ती हौद्यात चढवली, साइड स्टँडवर उभी केली, हँडलला एक आणि मागे एक अशा दोन दोऱ्या मारल्या आणि हात झटकले. तेवढ्यात मागून एक ठेंगणा, पांढऱ्या मिशांचा माणूस आला. त्याच्या खांद्यावर दोरीची वेटोळी होती.

"कुनी बांधली ही?"

"मी."

त्यानं माझ्या कानाखाली अशी वाजवली की मी हौद्याच्या मागच्या फाळक्याची साखळी धरून उभा राहिलो. मग तो हौद्यात चढला, माझ्या दोन्ही दोऱ्या सोडल्या आणि मला म्हणाला, "स्टँड उभ्या गाडीला असतंय. चालत्या गाडीत स्टँड म्हंजे पुढं काढलेली तंगडी. पयल्याच खड्ड्यात मोडती. वर ये आन् बघ."

मी वर गेलो. त्या दिवसापासून बारा वर्षं मी त्यांच्या हाताखाली बघतच होतो.

त्यांचं खरं नाव अड्ड्यावर फार कुणाला माहीत नव्हतं. "करकचून बांध" हे त्यांच्या तोंडी सारखं असायचं, म्हणून करकचमामा. मूळचे सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचे. मामी तिथेच शेती बघायची, मामा सणाला घरी जायचे. बाकी दिवस अड्ड्यावर. कुणाची मोटारसायकल न्यायची असली की ड्रायव्हर मामांना हाक मारायचे. त्यांची पद्धत ठरलेली होती. पुढचं चाक केबिनच्या पाठीला टेकलंच पाहिजे, मध्ये बोटही जाता कामा नये. गाडी पहिल्या गिअरमध्ये. मग कुणाला तरी सीटवर बसवायचं, पुढच्या चाकाचे धक्के झेलणारे शॉकअप चार बोटं खाली दबले की हँडलच्या खालून दोन बाजूंना दोन दोऱ्या हौद्याच्या पुढच्या कड्यांना ओढायच्या. दोरी टाकीला घासू नये म्हणून मध्ये गोणपाट. मागच्या चाकाला पुन्हा दोन. "चार दोऱ्यांनी चार दिशेला वढलं पायजे," ते म्हणायचे. "भांडनारी चार भावंडं कशी घर हलू देत नाय, तसं."

बांधून झालं की ते लाथ मारायचे. गमतीनं नाही, पूर्ण ताकदीनं, टाकीच्या खाली, तीनदा. हललं तर पुन्हा बांधायचं. एकदा एका तरुण इंजिनिअरच्या नव्या कोऱ्या गाडीला त्यांनी लाथ घातली. तो भडकला. "ओ मामा, डोकं ठिकाणावर आहे का? दोन लाखांची गाडी आहे!" मामांनी त्याच्याही कानफटात ठेवून दिली. अड्ड्यावर आरडाओरडा झाला. मामा शांतपणे म्हणाले, "गाडीला लागलं तर पॉलिश मारता येतंय. गाडी मागच्याच्या अंगावर गेली तर त्याला काय पॉलिश मारनार?" तो इंजिनिअर गाल चोळत निघून गेला, पण गाडी त्यानं मामांकडूनच बांधून नेली.

मारून झालं की चहा. हा त्यांचा नियम होता. ज्याला मारलं त्याला टपरीवर न्यायचं, अर्धा कप नाही, पूर्ण कप पाजायचा आणि तो पिऊन होईपर्यंत समोर उभं राहायचं. माफी वगैरे कधी नाही. रफिक नावाचा एक ड्रायव्हर होता, मालेगावचा. त्यानं एकदा उशीर होतोय म्हणून मामांची गाठ सोडायच्या ऐवजी चाकूनं दोरी कापली. मामांनी त्याच चाकूची मूठ त्याच्या नाकावर मारली. हाड मोडलं. रक्त शर्टावरून चपलेपर्यंत आलं. मामा त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले, नाकात बोळे घालून परत आणलं आणि टपरीवर बसवलं. रफिक तोंडानं श्वास घेत घेत चहा प्यायला. नंतर तो सगळ्यांना सांगायचा, "मामा ने नाक तोडी, मगर चाय में शक्कर खुद हिलाई."

इतका मार कशासाठी, हे मी एकदाच विचारलं. तेव्हा ते म्हणाले, तरुणपणी ते लाकडाच्या ट्रकवर होते. सागाचे ओंडके भरायचे. एका वळणावर साखळी तुटली आणि वरचा ओंडका मागे बसलेल्या त्यांच्या जोडीदारावर आला. "मी त्याला उचाललं," ते म्हणाले. "डोकं व्हतं, तोंड नव्हतं. साखळी कुनी लावली म्हनून मालकानं इचारलं. कुनीच बोललं नाय. मीबी नाय. मला आजून ठावं नाय, ती माझ्या हातची व्हती का त्याच्या." एवढं बोलून त्यांनी विडी विझवली आणि समोरच्या गाडीच्या दोऱ्या तपासायला गेले.

मी हे लिहायला बसलोय ते मामा तापट होते हे सांगायला नाही. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, आणि जे सांगायचंय ते नऊ वर्षं मी दाबून ठेवलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सुरगाण्याच्या एका शिक्षकांनी नाशिकमधून नवी मोटारसायकल घेतली होती. घाटात चालवायचा त्यांना सराव नव्हता, म्हणून ती पिकअपमध्ये न्यायची होती. माझ्या गाडीचा हौदा आखूड, त्यामुळे फाळका खाली सोडून साखळ्यांवर ठेवावा लागायचा. मोटारसायकलचं मागचं चाक फाळक्याच्या मध्यावर यायचं. मामांनी ती स्वतः बांधली, तीन लाथा घातल्या आणि सणाला घरी जायचं म्हणून आमच्याबरोबरच केबिनमध्ये बसले. मध्ये गुरुजी, कडेला मामा.

वणीत देवळापाशी आम्ही थांबलो. "घरी दाढीनं जायला नको," म्हणून मामा रस्त्यापलीकडच्या न्हाव्याकडे गेले. गुरुजींनी हार, नारळ आणि एक लिंबू आणलं.

"ड्रायव्हरसाहेब, लिंबावरून चाक गेलं पाहिजे."

"गुरुजी, गाडी बांधलेली आहे. घरी गेल्यावर करा."

"अहो, आईच्या दारात करायचं म्हणून तर थांबलो. हातभर मागे घ्या, लिंबू ठेवू, हातभर पुढे. दोन मिनिटांचं काम."

मी न्हाव्याच्या दुकानाकडे पाहिलं. मामांच्या तोंडाला फेस होता. मी चारही दोऱ्या सोडल्या. गाडी मागे घेतली, लिंबू ठेवलं, दोघांनी मिळून गाडी पुढे ढकलली. लिंबू फुटलं. गुरुजींनी हँडलला झेंडूचा जाड हार घातला आणि हात जोडले. मी पुन्हा बांधायला लागलो. मागच्या दोन दोऱ्या कशाबशा झाल्या. पुढची पहिली ओढत होतो तेवढ्यात मामा टॉवेलनं तोंड पुसत उठले. सीटवर बसून शॉकअप दाबायचं राहून गेलं. चाकाच्या आणि केबिनच्या मध्ये लिंबाचा चोथा अडकला होता, तोही तसाच राहिला. शेवटची दोरी मी नुसती गुंडाळली, टोक खोचलं आणि खाली उडी मारली.

मामा आले. थांबलं की दोरीवर अंगठा दाबून बघायची त्यांची सवय. त्यांनी हात वर नेला, आणि दोरीवर पसरलेला हार पाहून थांबले.

"दोरीला हात लावला का?"

"नाही मामा."

गुरुजी माझ्याकडे पाहत होते. तेही काही बोलले नाहीत. मी अडतीस वर्षांचा होतो, दोन मुलांचा बाप होतो. भर बाजारात, शाळेतल्या मास्तरांसमोर मला कानाखाली खायची नव्हती. एवढंच कारण होतं. दुसरं कुठलंही मोठं कारण मी या नऊ वर्षांत शोधलं, मिळालं नाही.

देवीपुढे चढवलेला हार उचकटायचा कसा, म्हणून मामांनी दोरी न दाबता हाराला हात लावून कपाळाला लावला. गाडीत बसले. "चल," म्हणाले.

वणी सोडल्यावर चढ लागला. एका वळणानंतर रस्ता उखडलेला होता. गाडी खड्ड्यात आपटली आणि मागून एक आवाज आला, लाकूड घासल्यासारखा. मी आरशात पाहिलं. हार हवेत होता. मोटारसायकल आडवी होऊन फाळक्यावरून मागे गेली. मागून एक नवरा-बायको दुचाकीवर चढ चढत होते. ती त्यांच्या अंगावर गेली.

मी ब्रेक दाबला, पण माझे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. मामा उडी मारून धावले. मी उतरलो तेव्हा ते त्या माणसाच्या पायावरून मोटारसायकल एकटेच उचलत होते. गुडघ्याखाली पाय उलट्या बाजूला वळला होता आणि नडगीचं हाड पँट फाडून बाहेर आलं होतं. तो ओरडत नव्हता, नुसता "पाणी, पाणी" म्हणत होता. त्याची बायको रस्त्यावर बसून त्याची चप्पल शोधत होती. मामांनी कमरेचा पंचा काढून त्याची मांडी आवळली. रक्त कमी झालं.

तोपर्यंत मागून दोन जीपगाड्या आल्या. सणाला घरी निघालेली माणसं, टपावरसुद्धा बसलेली. सगळे उतरले.

"कोणी बांधली रे ही गाडी?"

मी पिकअपच्या दाराला टेकून उभा होतो. माझ्या तोंडात जीभ होती. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पाहिलं ते फाळक्यावरून लोंबणाऱ्या दोरीकडे, तिच्या सरळ, गाठ नसलेल्या टोकाकडे. त्या माणसाच्या मांडीवरचा पंचा घट्ट धरून ते म्हणाले, "मी बांधली."

पहिली लाथ त्यांच्या पाठीत बसली. दुसरी तोंडावर. त्यांनी पंचा सोडला नाही, म्हणून कुणीतरी त्यांच्या उजव्या हातावर दगड घातला. एकदा नाही. बोटं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. कुणी केस धरले, कुणी हेल्मेट मारलं. कानातून रक्त यायला लागलं. ज्या माणसानं अड्ड्यावर बारा वर्षं प्रत्येकाला मारलं, त्यानं त्या दिवशी हात वर केला नाही. गुरुजी "अहो, थांबा, थांबा" म्हणत होते, पण लिंबाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. मी मध्ये पडलो नाही. लोक दमले तेव्हा थांबले, आणि त्यांनीच जखमी माणसाला आणि मामांना एकाच जीपमध्ये घातलं.

सरकारी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मामा बोलले. डोकं बांधलेलं होतं, एक डोळा बंद होता, उजवा हात प्लास्टरमध्ये. मी रडत होतो. "मामा, मी सोडल्या होत्या दोऱ्या. लिंबासाठी."

"ठावं हाय. गाडी पडल्यावर हौद्याला लिंबाचा वास येत व्हता."

"मग तुम्ही का सांगितलं नाही?"

"ड्रायव्हर गावला तर लोकं जिवंत ठेवत नाय, भावड्या. गाडीबी जाळत्यात. हमाल गावला तर अर्धा सोडत्यात." मग ते म्हणाले, "आन् मी अंगठा लावला नाय. लावला असता तर कळलं असतं. तेवढं माझं."

"मी सांगतो सगळ्यांना."

"सांग," ते म्हणाले. एवढंच.

मी सांगितलं नाही. पोलिसांत जबाब झाला. गाडी मी चालवत होतो म्हणून केस माझ्यावर झाली, पण जबाबात मी लिहून दिलं की मोटारसायकल नाशिकमध्ये करकचमामांनी बांधली होती. त्यात एक शब्द खोटा नव्हता. त्या माणसाचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. अड्ड्यावर आठ दिवसांत एकच वाक्य फिरलं, करकचमामांची गाठ सुटली. दोन महिन्यांनी मामा परत आले. वाकडी बोटं खिशात घालून उभे राहायचे. कुणी हाक मारत नव्हतं. नव्या पोरांनी बेल्ट आणले होते, खटका दाबला की आवळले जायचे. मामांनी एका पोराला बेल्ट हँडलच्या टोकाला लावताना पाहिलं, दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. तो पोरगा हसून म्हणाला, "मामा, तुम्ही नका शिकवू." त्यांनी त्याला मारलं नाही. संध्याकाळच्या आत ते सुरगाण्याच्या जीपमध्ये बसून निघून गेले. मी समोरच होतो. मी त्यांना बसताना पाहिलं आणि टपरीवर चहा पीत राहिलो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सुरगाण्याचा एक जीपवाला अड्ड्यावर आला आणि सहज म्हणाला, "तुमचे ते मामा गेले. महिना झाला. छातीत दुखलं."  मग कुणीतरी म्हणालं, "माणूस चांगला होता. एक गाठ सुटली आणि संपला."

तेव्हा मी बोललो. उभा राहून, सगळ्यांसमोर, वणी, लिंबू, हार, सगळं. मला वाटलं होतं, बोललं की हलकं वाटेल. रफिक माझ्यासमोर आला. त्याचं नाक अजून वाकडंच आहे. "नऊ साल?" त्यानं विचारलं. "नऊ साल तू यहाँ बैठके चाय पीता रहा?" आणि त्यानं माझ्या तोंडावर मारलं. खाली पडलो तेव्हा पोटात लाथ मारली. पुढचे दोन दात गेले. कुणी सोडवायला आलं नाही. त्यांनी बरोबर केलं.

दात पडलेल्या तोंडानंच मी दुसऱ्या दिवशी मामांच्या पाड्यावर गेलो. मामी अंगणात सुपानं नागली पाखडत होती. मला तिनं ओळखलं. "नाशिकचा डायवर ना तू? बस." मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. ती पाखडत राहिली. माझं संपल्यावर सूप खाली ठेवलं.

"म्हंजे त्या मानसाचा पाय ह्यांनी नाय घालवला?"

"नाही मामी. मी घालवला."

"मला कधी बोल्ले नाय." तिनं पदरानं हात पुसले. "दर साली सुगीला चार दिस त्याच्या शेतावर जायचे. कापनीला. मीबी जायचे कधी, भाकर घेऊन. वाकड्या हातानं इळा धरायचे, दोरीनं मनगटाला बांधून. पयल्या साली त्यानं कुबडी हानली ह्यांच्या पाठीत. दुसऱ्या साली पानी दिलं. तिसऱ्या सालापासून जेवाया घालायला लागला. मी म्हनायचे, किती दिस फेडनार? तर म्हनायचे, माझं थोडंच हाय, पन दुसरं कुनी येईपत्तर मलाच जावं लागंल."

 मामीनं कुडाच्या पलीकडे हाका मारल्या. दोन म्हाताऱ्या, एक दीर, शेजारची दोन-चार माणसं आली. "आता बोल," ती म्हणाली. "मोठ्यानं बोल. ह्ये समदे ह्यांना पाय घालवनारे म्हनायचे." मी मोठ्यानं बोललो. बोलताना हिरडीतून पुन्हा रक्त यायला लागलं. दीर ऐकून घेऊन जमिनीवर थुंकला आणि घरात निघून गेला. म्हाताऱ्या मामीजवळ बसल्या.

मामीनं चप्पल घातली. "चल. त्या मानसाचं घर दाखवते." ती माझ्याशेजारी केबिनमध्ये बसली. वाटेत फक्त वळणं दाखवत गेली.

घर रस्त्याच्या कडेलाच होतं. ओट्यावर एक माणूस बसला होता, मांडीशेजारी कुबडी, समोर धार लावायला ठेवलेले दोन विळे. मामीला पाहून तो हसला, भिंतीला धरून उठला आणि आमच्या मागे रस्त्याकडे पाहायला लागला.

"ह्या वर्षी लवकर आल्या, मामी. मामा मागून येताहेत का?"

 मामी बाजूला झाली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी त्या माणसासमोर जमिनीवर बसलो आणि वणीपासून सांगायला सुरुवात केली.